लाल खिडकी सगळ्यात शेवटी

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीडशे खाटांच्या रुग्णालयात औषधांच्या आणि तपासण्यांच्या ऑर्डरी कागदावरून संगणकावर आणायच्या आहेत. सॉफ्टवेअरवाले म्हणतात की औषधांचं आपसातलं इंटरॅक्शन, ॲलर्जी, डोस, डुप्लिकेट, गर्भावस्था, किडनी असं सगळं चेकिंग पहिल्या दिवसापासून चालू करून देतो, वेगळे पैसे नाहीत. तर घ्यावं का, आणि नाही तर सुरुवात कुठून करावी?

घ्या, पण चालू करू नका. फुकटच्या अलर्टची किंमत आम्ही मोजलेली आहे.

मी मूळचा फिजिशियन. गेली बारा-तेरा वर्षं राऊंड संपला की उरलेला अर्धा दिवस रुग्णालयाच्या संगणकांपायी जातो. आमच्याकडे हे प्रकरण पहिल्यांदा आलं तेव्हा कमिटीत मीच हिरिरीने म्हणालो होतो की पेशंटच्या सुरक्षिततेत काटकसर कशाला, सगळं चालू करा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आयसीयूत उभा होतो. रजिस्ट्रार ऑर्डरी टाकत होता. एका हातात चहा, दुसऱ्या हाताचं बोट एंटरवर. इशाऱ्याची खिडकी आली, एंटर. आली, एंटर. पाच-सहा खिडक्या त्याने एकाही अक्षराकडे न बघता उडवल्या आणि तेवढ्यात माझ्याशी बोलणंही चालू होतं. 'कारण लिहा' अशी सक्ती होती तिथे त्याने नुसतं टिंब दिलं. नंतर आम्ही तो कारणांचा रकाना काढून पाहिला. टिंब, टिंब, टिंब, मध्येच एखादं 'ओके', परत टिंब. रांगोळीचे ठिपके काढून ठेवल्यासारखे.

त्याच महिन्यात हार्ट फेल्युअरचे एक आजोबा दाखल होते. रक्तातलं पोटॅशियम वाढवणारं स्पायरोनोलॅक्टोन चालू, क्रिएटिनिन चढत चाललेलं, म्हणजे किडनी मंदावलेली, आणि त्यावर पोटॅशियमचं सिरप. यंत्रणेने इशारा दिला नव्हता असं नाही, लॉगमध्ये तो आहे. सकाळच्या ऑर्डरी सेव्ह करताना जी यादी आली तिच्यात तो सातवा होता. पहिलाच होता 'ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र दिल्यास रक्तस्रावाचा धोका'. स्टेंट घातलेल्या पेशंटला ही दोन औषधं जाणूनबुजून एकत्र देतात, हे कार्डिओलॉजीच्या पोरांना संगणकाने सांगायची गरज नव्हती. खालचेही त्याच मासल्याचे. सातव्यापर्यंत कोण जातो? दुसऱ्या दिवशी पोटॅशियम ६.८ आलं, म्हणजे जिवावर बेतणारं. लॅबच्या टेक्निशियनने रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता वॉर्डात फोन केला म्हणून आजोबा वाचले.

हा काही आमच्या पोरांचा आळस नव्हता. २००६ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात औषधसुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर ओलांडून पुढे जातात असं दिसलं. आणि २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या नावाजलेल्या रुग्णालयात काय झालं ते तुमच्या कमिटीला जरूर सांगा. सोळा वर्षांच्या मुलाला को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती, म्हणजे १६० मिलिग्रॅम. कमी वजनाच्या रुग्णांसाठी डोसचा रकाना मिलिग्रॅम प्रति किलोवर लावलेला होता. डॉक्टरने १६० टाइप केलं. संगणकाने मुलाच्या वजनाने गुणलं आणि ऑर्डर झाली साडेअडतीस गोळ्यांची. डोस जास्त असल्याचा इशारा डॉक्टरला दिसला, फार्मासिस्टलाही दिसला. दोघांनीही तो रोजच्या शेकडो इशाऱ्यांसारखाच बंद केला. रोबोने गोळ्या मोजून पाकिटात भरल्या. बारकोडने नर्सला सांगितलं की ऑर्डरप्रमाणे सगळं बरोबर आहे. मुलाने त्या गोळ्या घेतल्या आणि त्याला फिटचा झटका आला. नशिबाने तो वाचला. यातला इशारा बाकीच्या इशाऱ्यांहून वेगळा दिसत नव्हता, सगळं गाडं तिथे अडलं. साडेअडतीस पट असो की पाच टक्के, खिडकी तीच.

आता सुरुवात कुठून. माझं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललेलं नाही: ऑर्डर टाकण्याच्या पडद्यापासून. चूक झाल्यावर ओरडणाऱ्या खिडकीपेक्षा चूक होऊच न देणारा पडदा कितीतरी स्वस्त पडतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला १९९८ चा डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सगळे सांगतात, संगणकावर ऑर्डरी आल्या आणि गंभीर औषधचुका ५५ टक्क्यांनी घटल्या. पण त्या वेळच्या त्यांच्या यंत्रणेत इशारे मोजकेच होते, हे कोणी सांगत नाही. औषध निवडलं की डोसांची छोटी यादी यायची, वारंवारता आधीच भरलेली असायची, अर्धवट ऑर्डर पुढे जायचीच नाही. त्याच रुग्णालयाने उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन दिवसातून चारऐवजी तीनदा द्यायचं ठरवलं. कोणालाही खिडकी दाखवली नाही, फक्त पडद्यावर आधीपासून भरलेली वारंवारता बदलली. तीनदाचं प्रमाण ६ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेलं. अंथरुणात पडून राहण्याची ऑर्डर टाकली की रक्ताच्या गुठळ्या टाळणाऱ्या त्वचेखालच्या हेपारिनची सूचना शेजारी यायची, तेही २४ वरून ४७ टक्के झालं.

तेव्हा पहिले चार महिने ऑर्डर सेट, म्हणजे एकेका दुखण्यासाठी आधीच जुळवून ठेवलेल्या ऑर्डरींच्या याद्या, बनवण्यात घालवा. आपल्याकडच्या दुखण्यांचे. पावसाळ्यात डेंग्यूचा: पॅरासिटामॉल, सलाइनचा वेग, हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेट किती तासांनी, आणि वेदनेसाठीच्या यादीत डायक्लोफेनॅक नाहीच. 'डेंग्यूत डायक्लोफेनॅक देऊ नका' असा इशारा लिहिण्यापेक्षा ते त्या सेटमध्ये नसणं बरं. रात्री दोन वाजता माणूस समोर असलेलंच निवडतो. मेथोट्रेक्सेटचं तसंच. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा असतं, आणि चुकून रोज दिलं गेलं तर जीव जातो. आमच्याकडे संधिवातासाठी ते टाकलं की वारंवारतेच्या जागी 'वार निवडा' एवढंच येतं. सोमवार, मंगळवार. 'रोज' हा पर्यायच तिथे नाही.

ऑर्डर सेट बाहेरून आयते घेऊ नका, आणि नियमही. याचा धडा आम्हाला सर्पदंशाने दिला. लहान मुलांचा प्रत्येक डोस वजनावर तपासायचा असा नियम आयत्या संचात होता, आणि तो आम्हाला फार शहाणपणाचा वाटला होता. मग रात्री एक सहा वर्षांची मुलगी आली, घोणस चावलेली. नळीत घेतलेलं रक्त वीस मिनिटांत गोठलं नाही. आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, दहा कुप्या प्रतिविषाची ऑर्डर टाकली आणि संगणक अडला: वजनाच्या मानाने डोस जास्त. प्रतिविषाचा डोस मुलाच्या वजनावर ठरतच नाही. सापाने विष किती सोडलं यावर तो असतो आणि साप लहान मूल बघून कमी चावत नाही. मुलांना मोठ्यांइतकंच द्यायचं असतं. हे आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला माहीत आहे, त्या संचाला नव्हतं. सुदैवाने आरएमओ जुना होता, त्याने सरळ कागदावर लिहून औषध काढलं. विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिन वापरून दाखवलं त्याला चार दशकं झाली, पण आमच्या संचात प्राझोसिन म्हणजे फक्त मोठ्यांचं रक्तदाबाचं औषध होतं. मुलाला लिहिलं की लाल खिडकी.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पुढचं सगळं फोल: औषधांची मास्टर यादी. बहुतेक रुग्णालयांत ती फार्मसीने बिलिंगसाठी केलेली असते. एकच गोळी तीन नावांनी, एकदा टिंब देऊन, एकदा न देता, एकदा दहाच्या पट्टीसकट. यादीला माल कळतो, रेणू कळत नाही. आणि आपल्या देशात संयुक्त गोळ्यांचा सुळसुळाट. शिरेतून पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा, सोबत पाठदुखीसाठी ॲसिक्लोफेनॅकची जोडगोळी, वर सर्दीची गोळी. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे आणि संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी ब्रँड नावं. डुप्लिकेट चेकिंग चालू असूनही गप्प. सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली, प्रकरण न्यायालयांत फिरलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ वर पुन्हा बंदी आली. अशा वेळी यादीतली कुठली नोंद बंद करायची हे घटक माहीत असल्याशिवाय कळणार कसं? प्रत्येक ब्रँडच्या मागे त्याचे घटक आणि त्यांचं प्रमाण लिहायचं, दुसरा इलाज नाही. थोडी मदत मिळते. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय शब्दावली आहे. आपला देश २०१४ पासून तिचा सदस्य आहे, त्यामुळे इथे ती शब्दावली वापरायला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय केंद्राने भारतीय औषधांचे सामाईक संकेतांकही काढले आहेत. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला ते माहीत आहेत का ते विचारा, त्याच्या चेहऱ्यावरून बरंच समजेल.

ॲलर्जीचा रकाना मोकळा सोडू नका. आमच्या जुन्या नोंदींत 'सल्फा?', 'इंजेक्शनची रिॲक्शन', 'वांगं' असं सगळं एकाच ठिकाणी होतं. आणि वजन. वजनाशिवाय मुलांचा डोस तपासता येत नाही. सक्ती केली की लोक ५० लिहून मोकळे होतात. आम्ही शेवटी भरतीच्या दाराशी काटा ठेवला.

आता जे परदेशी लेखांत मला फारसं सापडलं नाही ते सांगतो. इशारा कोणाला दिसतो? अमेरिकेतली ही सगळी मांडणी असं धरून चालते की ज्याने औषध ठरवलं तोच संगणकासमोर बसला आहे. आपल्याकडे कन्सल्टंट राऊंडला येतात, चालता चालता चार औषधं सांगतात आणि लिफ्टकडे वळतात. सिस्टर वहीत टिपून घेते. आरएमओ अर्ध्या तासाने बसून ऑर्डरी टाकतो, कधी सिस्टरच टाकते, आरएमओच्या लॉगिनवरून. खिडकी येते ती या माणसासमोर. तो म्हणतो, "सरांनी सांगितलंय." आणि एंटर दाबतो. त्याने दुसरं करावं तरी काय? रात्री साडेअकराला सरांना फोन करून 'संगणक नको म्हणतोय' असं सांगायची त्याची प्राज्ञा नाही. हे एकदा नीट डोक्यात घेतलं तर बरेच निर्णय आपोआप सुटतात.

आम्ही काय केलं तर इशाऱ्यांचे दोन भाग पाडले. ऑर्डर टाकणाऱ्याच्या अखत्यारीतल्या गोष्टी त्याच्यासमोर: मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम, वजन, शिरेतून की स्नायूत, हेच औषध दुसऱ्या नावाने आधीच चालू आहे. आणि औषध बदलायचा निर्णय ज्यात आहे त्या गोष्टी आरएमओला अडवत नाहीत, वॉर्डाच्या क्लिनिकल फार्मासिस्टकडे जातात. ती पेशंटचे रिपोर्ट बघून कन्सल्टंटना फोन करते. ती फोन करते तेव्हा ते ऐकतात, कारण ती क्रिएटिनिन सांगते, संगणकाचं नाव काढत नाही. दीडशे खाटांना तुम्हाला अशी एक फार्मासिस्ट दिवसपाळीत परवडली पाहिजे. सॉफ्टवेअरच्या वार्षिक कराराइतका तिचा पगार सहसा नसतो. आणि सामाईक लॉगिन बंद करा. कोणाच्या नावाने काय ओलांडलं गेलं हेच कळत नसेल तर पुढे काहीच दुरुस्त करता येणार नाही.

खिडकी आणायचीच असेल तर तिच्यातली भाषा स्वतः लिहा. आमच्या पोटॅशियमच्या इशाऱ्याचं मूळ वाक्य होतं: 'स्तर दोन. या संयोगामुळे हायपरकलेमियाची संभाव्य जोखीम वाढू शकते. पुढे जायचे आहे का?' आता असं येतं: 'पोटॅशियम आज सकाळी ५.८. क्रिएटिनिन २.१, परवा १.४ होतं. सिरप थांबवायचं?' खाली दोन बटणं. 'थांबवा', आणि 'चालू ठेवा, ४ तासांनी पोटॅशियम पाठवा'. दुसरं दाबलं की तपासणीची ऑर्डर आपोआप पडते. आणि पोटॅशियम साडेचारच्या आत, क्रिएटिनिन जागेवर असेल तर खिडकी येतच नाही. नियमात लॅबचा आकडा आला की निरर्थक इशाऱ्यांचा मोठा ढीग एका झटक्यात जातो. एनॉक्सापॅरिनचं, व्हँकोमायसिनचं किडनीवरचं चेकिंगही असंच, आकडा दाखवून.

सर्जन मंडळींपैकी कोणीतरी कमिटीत म्हणेलच की मग अडवूनच टाका, पुढे जाऊच देऊ नका. त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगा. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आणि को-ट्रायमॉक्साझोल एकत्र लिहिलं की जवळजवळ पूर्ण अडवणूक. परिणाम जोरदार होता, अपेक्षित बदल ५७.२ टक्के वेळा, तुलनेच्या गटात १३.५. तरीही प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण चार रुग्णांना गरजेचं औषध मिळायला उशीर झाला. आमच्याकडे पूर्ण अडवणूक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे: पोटॅशियम क्लोराइड न पातळवता शिरेतून, कॅन्सरचं व्हिन्क्रिस्टीन पाठीच्या कण्यातून, असली. जिथे 'या एका पेशंटला मात्र चालेल' असं कोणीच कधी म्हणू शकत नाही, तेवढीच.

सुरू करण्याच्या दिवसाबद्दल एकच सांगतो, कारण बाकीचं तुम्हाला कोणीही सांगेल. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाने संगणकी ऑर्डर सुरू केली, आणि बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचा अभ्यास २००५ मध्ये आला. कारणं वाचताना अंगावर काटा येतो, इतकी ती साधी आहेत. पेशंट प्रत्यक्ष पोचून नोंदणी झाल्याशिवाय ऑर्डर टाकता येत नव्हती, म्हणजे आधी रुग्णवाहिका वाटेत असताना जी औषधं तयार ठेवायचे ते बंद झालं. आयसीयूतली औषधं मध्यवर्ती फार्मसीत हलवली. अतिदक्षतेचे ऑर्डर सेट तयार नव्हते. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने तीच यंत्रणा बसवली, पण पिट्सबर्गला जाऊन बघून, सेट आधी तयार करून. तिथे मृत्युदर वाढला नाही. म्हणून तुमच्या कॅज्युअल्टीत आज पेशंट येण्याआधी फोनवर काय काय हलतं ते एक रात्र बसून लिहून काढा. आणि वीज किंवा नेटवर्क गेल्यावर कुठला कागद वापरायचा ते छापून प्रत्येक वॉर्डच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. जाणार आहे ते.

आणि एवढं सगळं उभं केल्यावर नियम शिळे होतात. ब्रिगहॅममध्येच अमियोडॅरोन हे हृदयाच्या ठोक्यांचं औषध घेणाऱ्यांची थायरॉइडची तपासणी सुचवणारा नियम होता. २००९ मध्ये औषधाचा आतला संकेतांक बदलला, नियमात जुनाच राहिला आणि सूचना हळूहळू येईनाशी झाली. कित्येक वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही. जास्त वाजणाऱ्या घंटेबद्दल लोक तक्रार करतात, न वाजणाऱ्या घंटेबद्दल कोण करणार? आम्ही यावर एक खोटा पेशंट ठेवला आहे, चाचणी पाटील. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी फार्मासिस्ट त्यांना ठरलेल्या चुकीच्या ऑर्डरी देते आणि प्रत्येक इशारा येतो का बघते. पाटलांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, किडनी अर्धी गेलेली आहे, वॉर्फरिन चालू आहे, आणि एकदा बिलिंगकडून थकबाकीचा मेसेजही आला होता.

त्याच बुधवारी कमिटी बसते. प्रत्येक नियमाला नावानिशी मालक आहे, अमुक विभागाचे अमुक डॉक्टर. महिन्यात इशारा किती वेळा आला, किती वेळा ऑर्डर बदलली एवढाच कागद समोर. सलग तीन महिने कोणीच ऐकलं नाही तर नियम बंद, किंवा मालकाने बदलून आणायचा. सुरुवातीला बंद करायची भीती वाटते, उद्या काही झालं तर कोणी बंद केलं म्हणतील. ती भीती मालकाचं नाव लिहिल्याने कमी होते, कारण बंद करण्याचं कारणही त्याच कागदावर त्याच्या सहीने असतं.

हे सगळं करता येईल की नाही ते मात्र करारावर सही करण्याआधी ठरतं. सॉफ्टवेअरवाल्याला डेमोत एक काम सांगा: हा एक इशारा, फक्त आयसीयूपुरता, माझ्यासमोर बंद करून दाखवा. त्याने दोन मिनिटांत केलं तर पुढे बोला. 'तिकीट टाका, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू' असं म्हणाला तर तो अधिकार तुमच्या फार्मासिस्टला मिळेल असं कलम करारात घालून घ्या. त्याला ते मान्य नसेल तर त्याचं फुकटचं चेकिंग त्याच्याकडेच राहू द्या.